दमेकरी मूल आणि आईबापांचा आधार

ज्या घरांत दम्याचें मूल आहे त्या घरांतील आईबापांना आधार कोणाकडून मिळतो, कोणत्या रूपानें मिळतो, आणि पुष्कळदां आधाराच्या नांवाखालीं त्यांच्या पदरीं काय पडतें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावा असें मीं योजिलें आहे. मी वैद्य नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य नाशिकच्या शाळांतून मुलें शिकविण्यांत गेलें. तेव्हां कोणत्या मुलाला कोणतें औषध द्यावें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं व तशी इच्छाहि नाहीं. परंतु आईबाप गुरुजींकडे येतात ते केवळ प्रगतिपुस्तकापुरते येत नाहींत. गैरहजेरीचें कारण सांगतां सांगतां ते घरची हकीकत सांगूं लागतात. आणि अशा हकीकती तीस-पस्तीस वर्षें ऐकल्यावर त्यांतील सारखेपणा ध्यानांत येतो. त्या शिदोरीवर मी बोलणार आहें.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दम्यांत श्वासनलिकांचे बारीक फांटे आंतून सुजलेले राहतात. धूळ, धूर, परागकण, सर्दीपडसें, गार हवा, धांवपळ यांपैकीं कांहीं तरी निमित्त होतें, त्या फांट्यांभोंवतीचे स्नायु आवळतात, आंत चिकट कफ सांचतो, आणि बाहेर टाकावयाचा श्वास अडकून पडतो. छातींतून सूं सूं आवाज येतो तो या अरुंद झालेल्या वाटेचा. दुखणें कांहीं नवें नाहीं. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं तमक श्वासाच्या वर्णनांत रोग्याला निजल्यानें त्रास होतो, उठून बसल्यानें बरें वाटतें, आभाळ भरून आलें व गारठा पडला कीं दुखण्याचा जोर वाढतो, हीं लक्षणें स्पष्ट दिलेलीं आहेत. मध्यरात्रीं आईच्या खांद्याला टेकून, पुढें वांकून बसलेलें मूल ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या वर्णनाची साक्ष निराळी पटवावयास नको.

आजच्या वैद्यकांत या रोगावर मुख्यतः दोन जातींचीं औषधें आहेत. एक आवळलेले स्नायु तात्काळ सैल करणारें. साल्ब्युटामोल हें त्यांतील सर्वांच्या परिचयाचें नांव. तें १९६९ च्या सुमारास प्रचारांत आलें. दुसरें रोज घ्यावयाचें, आंतील सूज उतरविणारें. बेक्लोमेथासोन या औषधाचा पंप १९७२ मध्यें आला, आणि पुढें बुडेसोनाइडसारखीं औषधें आलीं. पहिल्या औषधानें मूल डोळ्यांदेखत मोकळें होतें. दुसऱ्याचा गुण कळावयास आठवडे लागतात. त्यामुळें घरोघर पहिल्यावर श्रद्धा बसते आणि दुसरें, मूल जरा हंसूं-खेळूं लागलें कीं, फडताळांत जाऊन पडतें. जगभर या रोगाविषयीं मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या मंडळानें २०१९ सालीं, बारा वर्षांच्या व त्यापुढच्या रोग्यांना केवळ तात्काळ आरामाच्या औषधावर ठेवूं नये, असा सल्ला दिला. त्याहून लहान मुलांच्या औषधाची योजना वयाप्रमाणें डॉक्टर ठरवितात. पण सूज तशीच राहूं देऊन झटक्यापुरता इलाज करीत राहणें धोक्याचें, हें तत्त्व तेथेंहि सुटत नाहीं. २०१९ च्याच जागतिक रोगभाराच्या अंदाजाप्रमाणें जगांतील दमेकऱ्यांपैकीं शेंकडा १३ भारतांत आहेत. परंतु दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं शेंकडा ४२ च्या आसपास भारतांत होतात. रोगी आठांत एक आणि मृत्यु पांचांत दोन, अशी ही विषम वांटणी आहे. नियमाचें औषध रोग्यापर्यंत न पोंचणें, किंवा पोंचूनहि न टिकणें, हें तिचें एक मोठें कारण तज्ज्ञ मानतात. आईबापांना मिळणारा आधार ही म्हणूनच केवळ सहानुभूतीची गोष्ट राहत नाहीं. औषध टिकतें कीं सुटतें हें त्या आधारावर ठरतें.

आतां आधाराऐवजीं जें मिळतें त्याचा विचार करूं. दम्याच्या मुलाच्या आईला सर्वांत आधीं मिळतो तो ठपका. “दही दिलें असेल,” “फरशीवर अनवाणी फिरूं दिलें असेल,” “तुमच्या माहेरीं कोणाला होता का?” एका बाईंनीं मला सांगितलें, “गुरुजी, रात्रीचें जागरण सोसतें. पण हा माहेरचा प्रश्न सोसत नाहीं.” हें केवळ आपल्याकडचें अज्ञान आहे असें मात्र समजूं नका. शिकागो येथील फ्रेंच व अलेक्झांडर या मनोविश्लेषकांनीं १९४१ सालीं ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें, कीं दम्याचा झटका म्हणजे आईसाठीं आंतल्या आंत दाबलेलें रडें होय. डॉ. मरे पेश्किन यांनीं तर औषधाला दाद न देणाऱ्या मुलांना आईबापांपासून दूर ठेवावें असा उपचारच सुचविला, आणि अमेरिकेंत डेन्व्हर येथील संस्थेंत अशीं मुलें दीड-दोन वर्षें घराबाहेर ठेवण्यांत येत. त्या उपचाराला ‘पेरेंटेक्टमी’ असें नांव पडलें. शरीरांतील गांठ कापून काढावी त्याप्रमाणें मुलाच्या आयुष्यांतून आईबाप कापून काढावयाचे, असा त्या शब्दाचा अर्थ! श्वासनलिकांच्या सुजेचें ज्ञान वाढलें तशी ही उपपत्ति मागें पडली. परंतु ठपक्याची संवय ज्ञानाइतक्या लवकर जात नाहीं.

त्याच देशांतील दुसरी एक हकीकत याच्या उलट आहे. १९५५ सालीं जॉर्ज मेसन हे रायकर नांवाच्या औषधी कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता, आणि रबरी फुगा दाबून कांचेच्या नळीवाटे औषध ओढण्याचा तिला कंटाळा येई. केसांवर मारावयाचा फवारा जसा डब्यांतून येतो, तसें माझें औषध कां येऊं नये, असें तिनें बापाला विचारलें. बापानें तो प्रश्न पोरकट म्हणून झिडकारला नाहीं. कारखान्यांतील संशोधकांपुढें ठेवला. मोजून मात्रा सोडणारा पंप १९५६ मध्यें बाजारांत आला. आज नाशिकच्या कोणत्याहि औषधाच्या दुकानांत मिळणारा पंप हा त्याचाच वंशज आहे. ज्या आईबापांना रोगाचें कारण मानून दूर सारण्यांत येत होतें, त्यांच्यापैकींच एकानें मुलीचें म्हणणें ऐकून घेतल्यानें हें साधन जगाला मिळालें, ही गोष्ट मला फार बोधप्रद वाटते.

आपल्या नाशिकपुरतें बोलावयाचें तर हवेच्या सुखदपणाबद्दल या गांवाची ख्याति आहे. पण जी थंडी द्राक्षांना मानवते ती या मुलांना मानवतेच असें नाहीं. निफाडच्या बाजूला पारा फार उतरला म्हणजे बागाईतदार द्राक्षें वांचविण्यासाठीं पहांटे शेकोट्या पेटवितात. त्या गारठ्यांत धुराची भर पडते. पावसाळ्यांत जुन्या नाशकांतील व पंचवटींतील वाड्यांच्या भिंतींना ओल येते व बुरशी धरते. नवीन वसाहतींत ओल नसेल, तर बांधकामाची धूळ असते आणि मोकळ्या प्लॉटांत गाजरगवत माजलेलें असतें. हें गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत प्रथम लक्षांत आलें आणि पुढें देशभर पसरलें. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादींत नाशिकचें नांव आहे, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. यांतील पुष्कळसें कोणत्याहि आईच्या हातचें नाहीं. तिच्या हातांत आहे तें एवढेंच, कीं निजण्याच्या खोलींत धूप, उदबत्ती व डासांची कॉइल जाळूं नये, घरांत कोणी विडी-सिगारेट ओढूं नये, केर काढतांना मुलाला दुसरीकडे पाठवावें, उशा-गाद्यांना ऊन दाखवावें. पण हें तरी तिच्या एकटीच्या हातांत कोठें आहे? देवघरांतील धूप बंद करावयाचा तर सासूबाईंची संमति लागते, आणि सिगारेट बंद करावयाची तर यजमानांची. म्हणून मी म्हणतों, कीं घरांतील पहिला आधार शब्दांचा नसतो. आजोबांनीं उदबत्ती अंगणांत तुळशीपाशीं लावली, तर तो आधार. बापानें एक रात्र आड स्वतः उठून मुलाला पंप दिला, तर तो आधार. पुष्कळ घरांत बाप औषधाचे पैसे देतो आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानतो. पंप कसा द्यावयाचा हें त्याला ठाऊकच नसतें. आणि मग ती माउली माहेरीं किंवा कामाच्या गांवीं एक रात्र गेली, तर घरांत कोणाचेंच हात-पाय चालत नाहींत.

दुसरा आधार डॉक्टरांचा. आईबाप तक्रार करतात ती बहुधा औषधाची नसते. “आम्हांला कोणी नीट दाखविलें नाहीं,” ही ती तक्रार असते. पंप हें विलक्षण साधन आहे. चुकीच्या रीतीनें वापरला तरी फुस्स आवाज येतो आणि औषध दिल्याचें समाधान होतें. लहान मुलाला तो नुसता तोंडाशीं धरून उपयोग होत नाहीं. मध्यें स्पेसर नांवाची पोकळ नळी लागते. पंप हलवावा, स्पेसरला जोडावा, तोंड किंवा मुखवटा घट्ट बसवावा, एक वेळ दाबावा, मुलाला पांच-सहा श्वास शांतपणें घेऊं द्यावे, आणि मगच दुसरी वेळ दाबावा. सूज उतरविणारें औषध असेल तर नंतर चूळ भरवावी. हें सांगावयास दोन मिनिटें लागतात. पण सांगितलेलें आणि आलेलें यांत किती अंतर असतें तें आम्ही शिक्षक जाणतों. फळ्यावर गणित सोडवून दाखविलें म्हणजे मुलाला गणित आलें असें होत नाहीं. त्याच्याकडून सोडवून घ्यावें लागतें. तसेंच डॉक्टरांनीं किंवा परिचारिकेनें आईकडून व बापाकडून एक वेळ करवून घ्यावें, आणि पुढच्या खेपेस पुन्हां पाहावें. ज्या आईबापांना असें कोणी शिकविलें त्यांच्या बोलण्यांत मला नेहमीं एक निराळा धीर आढळला आहे.

खर्चाची अडचणहि खोटी नाहीं. परंतु येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेंत केप टाउनच्या मुलांच्या रुग्णालयांत हेदर झार या डॉक्टर बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, पांचशें मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीला भोंक पाडून, त्यांत पंप घट्ट बसवून स्पेसर तयार केला. झटका आलेल्या मुलांना तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो असें १९९९ सालीं त्यांनीं दाखवून दिलें. भोंक मात्र पंपाच्या तोंडाला नेमकें बसेल असें व हवाबंद असावें लागतें. म्हणून तो डॉक्टरांना दाखवूनच वापरावा. साल्ब्युटामोल व बुडेसोनाइड हीं दोन्ही औषधें आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आहेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें सुरू झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलें तपासतात. त्यांनीं शोधावयाच्या दुखण्यांच्या यादींत श्वासनलिका आवळण्याचें हें दुखणेंहि आहे. शाळेंत तपासणीचा दिवस असेल त्या दिवशीं आईबापांनीं मुलाचा रात्रीचा खोकला पथकाला आवर्जून सांगावा.

औषधाविषयींची भीति हा या विषयांतील नाजूक भाग आहे. “पंपाची संवय लागेल,” “स्टेरॉइड आहे, वाढ खुंटेल,” असें दहा जण सांगतात, आणि आईबाप मुकाट्यानें औषध बंद करतात. डॉक्टरांनाहि सांगत नाहींत, कारण ते रागावतील. अशा वेळीं भीति हंसण्यावारीं नेणें हा आधार नव्हे. खरें काय तें सांगणें हा आधार आहे. व्यसन लागतें तशी या औषधाची संवय लागत नाहीं. पंपांतून जाणारें औषध मायक्रोग्रॅममध्यें मोजतात, पोटांत घ्यावयाच्या गोळ्या मिलिग्रॅममध्यें. आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. उंचीविषयीं म्हणाल, तर अमेरिकेंत हजाराहून अधिक दमेकरी मुलांचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला गेला. ज्यांना बुडेसोनाइड दिलें होतें त्यांची प्रौढपणची उंची सरासरीनें १·२ सेंटिमीटरनें, म्हणजे सुमारें अर्ध्या इंचानें कमी भरली, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. ही गोष्ट लपवूं नये. एका पारड्यांत हा अर्धा इंच आणि दुसऱ्यांत अखंड झोंप, शाळा, खेळ व खुद्द जीव, असें मांडून दाखविलें म्हणजे बहुतेक आईबाप योग्य तोच निर्णय करतात.

ज्या आईबापांना दवाखान्यांत असें कोणी बसवून सांगत नाहीं ते दुसरीकडे जातात. कोजागिरीच्या रात्रीं खिरींतून दम्याचें औषध देणारीं ठिकाणें आपल्याकडे जागोजाग आहेत. मृगाच्या सुमारास हैदराबादेस बत्तिनी कुटुंबीय जिवंत मासोळीच्या तोंडांत औषध घालून ती गिळावयास देतात. तेथेंहि महाराष्ट्रांतून माणसें जातात. या उपायांनीं दमा जातो असें शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेलें नाहीं. पण माणसें तेथें कां जातात, हें आपण समजून घेतलें पाहिजे. तेथें त्यांना कोणी दोष देत नाहीं, पैसे मागत नाहीं, आणि आपल्यासारखींच शेंकडों माणसें भोंवतीं दिसतात. रात्रभर आपण एकटे नाहीं, हें सुख त्यांना तेथें मिळतें. तें सुख त्यांना घरीं, शाळेंत आणि दवाखान्यांत मिळालें तर कोजागिरीचें दूध तीं दुधासाठीं पितील. तोंवर माझें सांगणें इतकेंच, कीं जावयाचें तर जा, परंतु त्यासाठीं रोजचा पंप एक दिवसहि बंद करूं नका.

आतां शाळेसंबंधीं, जी माझी जागा. एका शाळेंतील घडलेली गोष्ट सांगतों. शाळेचें नांव नको. चौथींतील एका मुलाच्या आईनें पंप मोठ्या विश्वासानें शाळेंत आणून दिला. हरवूं नये, इतर मुलांनीं खेळूं नये, म्हणून तो कार्यालयाच्या कपाटांत कुलपांत ठेवण्यांत आला. हेतु वाईट नव्हता. पौषांतील सकाळीं कवायतीच्या तासाला मुलाला धाप लागली, आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो टपालाला गेलेला. पाऊण तास गेला. मूल वांचलें, पण त्या दिवसानंतर आई रोज शाळेच्या फाटकाबाहेर बसूं लागली. पुढें तिनें नोकरी सोडली. एका किल्लीपायीं एका घराची मिळकत निम्म्यावर आली, आणि मुलगा आईच्या पहाऱ्यांत शिकूं लागला. पुढच्या वर्षीं नवीन वर्गशिक्षिकांनीं काय केलें? त्यांनीं डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून आणविली: त्रासाचीं चिन्हें कोणतीं, पंप कितीदां द्यावा, केव्हां दवाखान्यांत न्यावें, कोणाला फोन करावा. चिठ्ठी हजेरीपटाला लावली, पंप मुलाच्या दप्तराच्या पुढच्या खिशांत ठेवविला, आणि शेजारच्या बांकावरील दोन मित्रांना तो खिसा दाखवून ठेविला. कवायतींतून मुलाला वगळलें नाहीं. आधीं हळूहळू अंग गरम करावयास लावलें. दिवाळीच्या सुट्टीनंतर आई फाटकाशीं दिसेनाशी झाली. त्या बाईंनीं सांत्वनाचा एकहि शब्द बोलल्याचें मला आठवत नाहीं.

या चिठ्ठींतील धोक्याचीं चिन्हें प्रत्येक घराला माहीत असावींत म्हणून सांगतों. मूल एक वाक्यहि सलग बोलूं शकत नाहीं, फांसळ्यांमधील व गळ्याखालचें मांस श्वासागणिक आंत ओढलें जातें, ओठ निळसर दिसतात, मूल गळून जातें किंवा पेंगूं लागतें, अथवा पंप देऊनहि आराम पडत नाहीं: यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर वाट पाहूं नये. सांगितल्याप्रमाणें पंप देत देत रुग्णालय गांठावें. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातींतील आवाज एकाएकीं थांबला आणि मूल अधिकच थकलेलें दिसलें, तर तें बरें होण्याचें लक्षण समजूं नये.

एक गोष्ट मुलींच्या संबंधानें बोलली पाहिजे. मुलीला दमा आहे हें पुष्कळ घरांत लपवितात. “पुढें लग्नाच्या वेळीं आड येईल,” ही धास्ती सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतींतहि मीं ऐकली आहे. मग ‘दमा’ शब्द उच्चारावयाचा नाहीं, ‘जरा सर्दीचा कोठा आहे’ म्हणावयाचें, पंप पाहुण्यांपुढें काढावयाचा नाहीं. डॉक्टरहि आईबापांचा चेहरा पाहून कधीं कधीं सौम्य नांव देतात. परंतु ज्या दुखण्याला नांव नाहीं त्याला आधार कोण देणार? मुलगी मात्र एवढेंच शिकते, कीं श्वास कोंडला तरी चारचौघांत औषध घ्यावयाचें नाहीं.

शेवटीं, या सर्व आधाराचा हेतु काय? मूल दहा-बारा वर्षांचें झालें म्हणजे पंपाची जबाबदारी थोडथोडी त्याच्याकडे सोंपवावी लागते. आधीं आईसमोर त्यानें घ्यावा, मग आईनें नुसती आठवण करावी, मग वहींत त्यानेंच टिपण करावें: रात्रीं खोकला आला का, आरामाचा पंप कितीदां लागला, शाळा बुडाली का. अशी वही डॉक्टरांना ‘बरें आहे हो’ या उत्तरापेक्षां पुष्कळ कांहीं सांगते. ज्या आईबापांना स्वतः कोणी विश्वासानें शिकविलें, तेच मुलाला विश्वासानें शिकवूं शकतात. ज्यांना नुसता धाक मिळाला, ते पुढें मुलाला धाकच देतात.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या नात्यांत, शेजारांत किंवा वर्गांत असें एखादें मूल असेलच. त्याच्या आईबापांना नवा उपाय सुचविण्याची घाई करूं नका. उपाय सुचविणारे त्यांना रोज भेटतात. “तुमचा पंप कसा द्यावयाचा तें मला दाखवून ठेवा, वेळप्रसंगीं मी देईन,” एवढेंच म्हणा, आणि दाखवितील तेव्हां नीट पाहून घ्या. त्यामुळें त्यांना एखाद्या संध्याकाळीं दोघांनीं मिळून बाहेर जातां येईल. कित्येकांना तें वर्षानुवर्षें साधलेलें नसतें.